हारजूची सहा मिनिटं

वेइको हारजूची आणि माझी पहिली भेट झाली ती त्याने मला दारातून परत पाठवलं तेव्हा. मी एकोणीस वर्षांची, कागद गिरणीच्या छाटणी खात्यात नुकती लागलेली, आणि युनियनच्या सभेला पहिल्यांदाच निघालेली. वर्गणीचं पुस्तक दुसऱ्या कोटाच्या खिशात राहिलं होतं. हॉलच्या आतल्या दाराशी एक उंच, हाडकुळा फिनलंडी माणूस उभा होता.

"पुस्तक," तो म्हणाला.

"घरी राहिलं."

"मग घरी जा."

दीड मैल गेले, दीड मैल परत आले. तोवर सभा उरकत आली होती. त्याने पुस्तक उघडलं, चालू महिन्याचं तिकीट चिकटवलेलं आहे ना ते पाहिलं आणि पाहुण्यांसाठी उघडावं तसं अदबीने दार उघडलं. पुढचे दोन महिने मी त्याच्याशी बोलले नाही. नंतर कळलं, त्यात वैयक्तिक काही नव्हतं. तो सगळ्यांनाच परत पाठवायचा. हॉलला आशीर्वाद द्यायला आलेल्या पाद्र्यांना, गावच्या महापौराला, आणि एकदा तर स्वतःच्या मुलाला. मुलाचं एका महिन्याचं तिकीट राहिलं होतं. त्या रात्री घरी बापलेकांनी एकाच ताटलीतले मासे खाल्ले म्हणतात, पण बोलले नाहीत.

आमच्या हेरॉन लँडिंगात एक गिरणी, एक सरोवर आणि सहाएकशे कामगार. हारजू लाकडाची सालं काढणाऱ्या मोठ्या पिंपावर कामाला होता. तिथल्या खडखडाटाने त्याचा डावा कान गेला होता, म्हणून बोलणाऱ्याकडे तो उजवा खांदा पुढे करून बघायचा. युनियनच्या आमच्या शाखेचा तो सव्वीस वर्षं दारवान होता. दर दोन वर्षांनी निवडणूक व्हायची आणि तो बिनविरोध निवडून यायचा, कारण थंडीत दाराशी उभं राहायची हौस दुसऱ्या कुणाला नव्हती. दारवानाचे मोठे नियम दोन. पुस्तक पाहिल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. आणि मतदानाची घंटा झाली की ते संपेपर्यंत दार कुणासाठीही उघडायचं नाही, बाहेर देव उभा असला तरी. देवाचं मी घातलं, नियमात ते नव्हतं.

मी पुढे शाखेची चिटणीस झाले. सभेचं इतिवृत्त मी लिहायची, वेळेसकट. म्हणून ही हकिकत माझ्या हातची आहे.

आमच्या युनियनचं नाव आंतरराष्ट्रीय होतं. म्हणजे अमेरिका, आणि तिच्या शेपटीला बांधलेले आम्ही कॅनडातले. सरहद्दीपलीकडच्या त्या मुख्य युनियनला आम्ही थोरली म्हणायचो. वर्गणी थोरलीकडे जायची, हॉलच्या इमारतीची कागदपत्रं थोरलीकडे होती, संप करायचा तर परवानगी थोरलीची. एका वर्षी आम्ही कंपनीचा करार चारशे बारा विरुद्ध सत्त्याण्णव मतांनी फेटाळला. आठवड्याभराने थोरलीने त्याच करारावर सही केली. आम्ही विचारलं तर उत्तर आलं की व्यापक हित पाहावं लागतं. व्यापक हित नेहमी दुसरीकडेच कुठेतरी राहतं, हे तेव्हा आम्हाला कळलं.

मग आमचा अध्यक्ष बड ओलेनिक म्हणाला, "पुरे झालं नांदणं. सोडचिठ्ठी घेऊ." शाखेने थोरलीतून बाहेर पडून आपली स्वतंत्र युनियन करावी, या ठरावावर मतदान घ्यायचं ठरलं. चौऱ्याहत्तर सालचा फेब्रुवारी, रविवार, दुपारी दोन वाजता. बाहेर उणे अठ्ठावीस.

थोरलीला बातमी लागणारच होती. आमच्यासारख्या शाखांसाठी तिच्याकडे एक जालीम औषध होतं: प्रशासक नेमायचा. त्याचा हुकूम शाखेच्या हाती पडला की त्या क्षणापासून अध्यक्ष अध्यक्ष राहत नाही, चिटणीस चिटणीस राहत नाही, आणि त्यानंतर घेतलेलं मतदान रद्दीच्या भावाचं. प्रश्न इतकाच होता की आधी काय होतं, हुकूम की मतदान.

हुकूम घेऊन आला गार्नेट स्टोक्स. तो आमच्यातलाच. हारजूच्या दोन घरं पलीकडे वाढला, हारजूने त्याला बर्फात भोक पाडून मासे धरायला शिकवलं. पुढे थोरलीने त्याला नोकरी दिली, सूट दिला, तिकडे अमेरिकेत घर दिलं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. मी त्याला दोष देत नाही. तेव्हा मात्र खूप दिला.

त्या दिवशी दाराशी काय झालं ते आम्हा आतल्यांना दिसलं नाही. पुढे दोघांनीही शपथेवर सांगितलं आणि दोघांचं सांगणं तंतोतंत जुळलं, ते असं.

दोन वाजून चार मिनिटांनी गार्नेट बाहेरच्या दारातून आत आला. आतल्या दाराशी हारजू.

"काका, बाजूला व्हा. घाई आहे."

"पुस्तक."

"काय थट्टा करता का? लहानाचा मोठा तुमच्या दारात झालो मी!"

"दारात झालास. पुस्तक कुठाय?"

पुस्तक अमेरिकेतल्या टेबलाच्या खणात होतं. त्यात तीन वर्षांत तिकीट चिकटवलेलं नव्हतं. थोरलीच्या कचेरीत वर्गणी पगारातूनच कापतात, तिथं पुस्तक कोण बघतो! आम्हाला नियम शिकवायला निघालेल्या माणसाचं स्वतःचं पुस्तक कोरं होतं.

"माझ्याकडे याहून मोठा कागद आहे," असं म्हणून गार्नेटने हुकूम काढला. "दोन पानं आहेत. वाचा, आणि मला बडसमोर उभं करा."

आलेला कागद दारवानाने तपासावा, हाही नियमच. हारजूने चष्मा काढला, पुसला, लावला, आणि दिव्याखाली जाऊन वाचायला लागला. गार्नेट थंडीने कुडकुडत होता म्हणून हारजूने आपल्या थर्मासमधली कॉफी त्याला ओतून दिली आणि पुन्हा वाचायला लागला. दोन वाजून दहा मिनिटांनी आत बडने मतदानाची घंटा वाजवली. हारजूने कागद घडी करून परत दिला.

"घंटा झाली. आता थांब."

गार्नेट पस्तीस मिनिटं तिथे उभा राहिला. दार उघडलं तेव्हा ठराव मंजूर झालेला होता. बाजूने तीनशे शहाण्णव, विरुद्ध बावन्न. आम्ही नाचत होतो. बडने हारजूला मिठी मारली, तर हा लाकडासारखा ताठ.

अर्थात थोरली सरकारच्या श्रम मंडळात गेली. हुकूम मतदानाआधी पोचला होता, त्यामुळे मतदान बेकायदा, हे तिचं म्हणणं. आमचं म्हणणं की हुकूम दारात आला होता, शाखेला कळला नव्हता. म्हणजे सगळी मदार एका माणसावर. हारजूला दोन-दहाच्या आधी काय कळलं होतं?

आमचा वकील हुशार होता. त्याने खोटं बोला असं एकदाही म्हटलं नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी बडच्या स्वयंपाकघरात बसून तो हारजूला म्हणाला, "तुमची भाषा फिनिश. कागद इंग्रजी, त्यातून कायद्याचा. तुम्ही अडखळत वाचत होतात, आणि पुरतं समजायच्या आत घंटा झाली. असंच झालं ना?"

हारजूने उजवा खांदा पुढे केला. "सहा मिनिटं वाचलं, हे खरं."

"बस, तेवढंच. आणि समजलं नाही."

बड म्हणाला, "अरे बाबा, सहाशे घरं तुझ्या जिभेवर टांगलेली आहेत. चार शब्द बोल आणि खाली बस. 'मला नीट समजलं नाही.' पोरंसुद्धा बोलतात!" मीही म्हणाले, "काका, एवढं कराच." तरी हारजू गप्प. आम्ही तो होकार धरला. मौन म्हणजे संमती असं धरून चालणं सोयीचं असतं.

सुनावणी थंडर बे शहरात, एका हॉटेलच्या तळमजल्यावर झाली. गावातून दोन बसगाड्या भरून माणसं गेली होती. हारजूने लग्नातला काळा कोट घातला होता. शपथ झाली. थोरलीचा वकील उठला.

"दोन पानं वाचायला सहा मिनिटं लागली?"

"लागली."

"तुमचं इंग्रजी कच्चं आहे का?"

माझ्या शेजारी बड पुटपुटला, "हो म्हण."

"बोलायला कच्चं आहे," हारजू म्हणाला. "वाचता येतं."

"मग तो कागद कसला आहे हे तुम्हाला केव्हा कळलं?"

हारजूने आपल्या हातांकडे पाहिलं. मंडळाच्या अध्यक्षांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"पहिल्या ओळीला," हारजू म्हणाला.

"आणि बाकीची साडेपाच मिनिटं?"

"वाचत होतो."

"कशासाठी? कळलं होतं ना?"

"घंटा व्हावी म्हणून."

लोकांत कुणी खुर्ची मागे सारली, कुणी शिवी हासडली. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. हारजू उतरून आपल्या जागेवर बसला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि त्यातली एक माझी होती.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. दारवान हा शाखेचा पदाधिकारी, त्याला कळलं म्हणजे शाखेला कळलं, म्हणून मतदान रद्द. थोरलीचा प्रशासक बारा महिने. प्रशासक म्हणून गार्नेट हॉलच्या वरच्या खोलीत बसायला लागला आणि बडच्या टेबलाची किल्ली त्याच्या खिशात गेली.

आता इतक्या वर्षांनी मला सरळ दिसतं. सव्वीस वर्षांत हारजूने नियम वाकवला तो एकदाच, आणि तो आमच्यासाठी. त्या सहा मिनिटांवाचून आमचं मतदान झालंच नसतं. पण तेव्हा आम्हाला सहा मिनिटं दिसली नाहीत, 'पहिल्या ओळीला' तेवढं ऐकू आलं. कुणी म्हणालं, विकला गेला. कुणी म्हणालं, गार्नेट म्हणजे घरचंच पोर, आतून ठरलेलं असणार. मीही मान डोलावली. माझी मान तेव्हा फार सहज डोलायची.

गावाने त्याला वाळीत टाकलं. मारामारी नाही, दगड नाहीत, नुसतं येणंजाणं बंद केलं. हारजूच्या अंगणात लाकडी सौना होती. दर शनिवारी त्याची बायको आयली ती तापवायची, आणि गल्लीतली अर्धी माणसं त्या वाफेत बसून नंतर तिच्याकडची वेलदोड्याची गोड पोळी आणि कॉफी घ्यायची. वीस वर्षांचा रिवाज. निकालानंतरच्या शनिवारी धूर निघाला, वाफ निघाली, पण कुणी गेलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही. आयलीने वर्षभर दर शनिवारी पूर्ण पोळी भाजली, हे मला नंतर तिच्याच तोंडून कळलं.

थोरलीनेही त्याला सोडलं नाही. मतदान घडवून आणायला मुद्दाम वेळ काढला, हे त्याने शपथेवरच कबूल केलं होतं. तिने त्याला सभासदत्वावरून काढून टाकलं आणि त्याचं पुस्तक जमा करून घेतलं. आमच्या करारात कलम होतं की युनियनचा सभासद नाही त्याला गिरणीत काम नाही, आणि हारजूच्या निवृत्तीला चार वर्षं बाकी होती. नोकरी वाचवली ती कायद्याने. युनियनविरुद्ध वागला म्हणून युनियनने काढलेल्या माणसाची भाकरी हिसकावता येत नाही, असं कायद्यात लिहिलेलं आहे. आम्ही त्याच्यासाठी बोटसुद्धा हलवलं नाही. त्याने स्वतःच ते कलम शोधून मालकांना पत्र लिहिलं. बरं इंग्रजी होतं म्हणतात.

करार संपायच्या आधीचे दोन महिने कायद्याने युनियन बदलायची मुभा असते. आम्ही वाट पाहत बसलो होतो. मुदत उघडली तशी नव्या स्वतंत्र युनियनची कार्डं घेऊन दारोदार फिरलो. माझ्या वाट्याला हारजूची गल्ली आली. त्याच्या घराच्या अलीकडे मी सही घेतली, पलीकडे घेतली. मधल्या घराच्या खिडकीत आयली उभी होती. मी हातातल्या कागदात बघत पुढे गेले.

पुरेशी कार्डं जमली, आणि मंडळाने गुप्त मतदान लावलं. थोरली की स्वतंत्र. मत गिरणीतल्या प्रत्येक कामगाराला होतं, सभासद असो वा नसो. गिरणीच्या जेवणघरात पेटी ठेवली होती आणि मंडळाचा एक तरुण अधिकारी टोरंटोहून आला होता. टेबलाशी दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बसतो. मतदाराच्या हक्काबद्दल शंका असेल तर त्याने हरकत घ्यायची. हरकत घेतलेलं मत पेटीत जात नाही. ते पाकिटात बंद होतं, वर नाव आणि कारण लिहितात. दोन्ही बाजूंत फरक थोडा निघाला तरच ते पाकीट उघडतात. थोरलीच्या बाजूने गार्नेट बसला होता, आमच्या बाजूने मी.

बडने सकाळीच सांगितलं होतं, "हारजू आला की हरकत घे. त्याचं मत थोरलीला जाणार." कारणही त्यानेच काढलं होतं. गुडघा दुखावल्यामुळे हारजूला त्या हिवाळ्यात तीन आठवडे लाकूड अंगणाच्या फाटकावर बसवलं होतं, येणाऱ्या ट्रकांची नोंद करायला. कायद्याप्रमाणे कंपनीचे पहारेकरी कामगारांच्या युनियनमध्ये मोडत नाहीत. ट्रकांची नोंद करणारा पहारेकरी नव्हे, हे बडला माहीत होतं, आणि मलाही.

अकराच्या सुमाराला हारजू आला. काठी टेकत. अधिकाऱ्याने यादीत नाव शोधलं, मतपत्रिका पुढे केली. बडने सांगितलं होतं हे खरं, पण हात माझाच वर गेला.

"हरकत."

"कारण?"

"पहारेकरी आहे."

हारजूने माझ्याकडे उजवा खांदा केला. त्याला नीट ऐकू आलं नसावं असं मला वाटलं, म्हणजे तसं वाटून घ्यायला मला बरं होतं.

गार्नेट पुढे झुकला. "अगं मार्सेल, वेडी आहेस का? तीन आठवडे ट्रक मोजलेत त्याने."

"तुझ्याच बाजूचं मत आहे, तू बोलणारच!"

"माझ्या बाजूचं?" गार्नेट हसला, पण त्यात गंमत नव्हती. "ज्याने मला थंडीत पस्तीस मिनिटं उभं केलं तो मला मत देणार? हे मत माझ्या विरुद्ध आहे, बाई. मलाच ते नकोय. तरी सांगतो, त्याला देऊ दे."

अधिकारी माझ्याकडे बघत होता. रांगेत माणसं होती आणि सगळी ऐकत होती. बड दारापाशी उभा होता. मी म्हटलं, "हरकत कायम."

हारजू आडोशाला गेला, खूण करून आला, मतपत्रिका पाकिटात घातली आणि सांगितलं तिथे स्वतःचं नाव लिहिलं. अधिकाऱ्याने त्याच्या खाली 'पहारेकरी' लिहिलं. हारजूने ते वाचलं आणि काठी टेकत निघून गेला.

आम्ही जिंकलो. तीनशे एक्काहत्तर विरुद्ध एकशे अठ्ठावन्न. फरक एवढा मोठा की पाकिटाला कुणी हातही लावला नाही. हॉल मात्र थोरलीने ठेवून घेतला. आम्ही शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरवायला लागलो आणि दाराशी कुणाला उभं करत नव्हतो.

मला त्या विजयाची चव लागली नाही. तीन आठवड्यांनी, शनिवारी, मी हारजूच्या घरी गेले. आयलीने दार उघडलं, कॉफी ओतली आणि पोळीचा तुकडा पुढे ठेवला. हारजू टेबलाशी बसून बूट शिवत होता.

"काका, माझं चुकलं."

"हरकत घ्यायचा हक्क तुला होता." त्याने दोरा ओढला. "मी पहारेकरी होतो का?"

"नव्हता."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग तसं लिहून दे मंडळाला."

मी तिथेच लिहिलं. हरकत खोटी होती, मला ते ठाऊक होतं, मी ती मागे घेते, मत मोजावं. खाली सही केली. हारजूने वाचलं आणि खाडाखोड केलेल्या एका शब्दापाशी बोट ठेवलं. मी तो पुन्हा लिहिला. सोमवारी टपालात टाकलं.

महिन्याने उत्तर आलं. चार ओळी. निकालावर परिणाम होत नसल्याने प्रकरण बंद करण्यात आलं आहे, हरकतीची मतं न उघडता नियमाप्रमाणे नष्ट केली आहेत. ते पत्र मी त्याला नेऊन दिलं. खिडकीशी उभं राहून त्याने ते वाचलं. फार वेळ लागला नाही.

"निकालावर परिणाम नाही, हे बरोबर आहे," तो म्हणाला.

मी मान डोलावली.

"पण मत मी दिलं होतं, मार्सेल."

आयली परसात सौनासाठी लाकडं आणायला गेली होती. मी माझा कप धुऊन ठेवला आणि घरी आले.